वरचा लाडू

सुभद्राला दिल्लीला जायचं होतं. तसं आदिलाबादच्या त्या कॉलनीतल्या कुठल्या पोरीला जायचं नव्हतं? पण बाकीच्या नुसत्या म्हणायच्या, आणि सुभद्रा त्यासाठी काय वाट्टेल ते करायला तयार होती, एवढाच फरक. सव्वीस जानेवारीच्या परेडसाठी एनसीसीच्या मुली निवडणं चाललं होतं. जिल्ह्यातून एकच मुलगी पुढे हैदराबादच्या शिबिराला जाणार होती. चाळण्या लागत लागत शेवटी दोघीच उरल्या, सुभद्रा आणि पद्मिनी.

दोघी इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, एका वर्गात, एका बाकावर. दहावीपर्यंत मराठी शाळेत एकत्र, आणि कॉलेजात तेलुगू सरांचं अर्धंमुर्धं कळायचं तेव्हा एकमेकींकडे बघून हसायच्या. लोक त्यांना मैत्रिणी म्हणत. पद्मिनीचे वडील शरदचंद्र बँकेत मॅनेजर. पोरगी उंच, सरळ पाठीची, आणि आपण सरळ पाठीच्या आहोत हे तिला पुरेपूर माहीत. समोरच्याच्या बोलण्याकडे ती अर्धंच लक्ष द्यायची. सुभद्राचे वडील अनंतराव कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क. घरी खाऊनपिऊन सुखी, पण पद्मिनीकडे जे नवं यायचं ते सुभद्राकडे दोन वर्षांनी यायचं, आणि तोवर पद्मिनी त्याला कंटाळलेली असायची. हे सुभद्राच्या मनात किती खोल गेलं होतं ते तिच्या आईलाही माहीत नव्हतं.

शेवटची निवड कोजागिरीच्या चारेक दिवस आधी सकाळी मैदानावर ठरली. त्याच्या आदल्या दिवशी पद्मिनीचं पोट बिघडलं तर? इतकाच तो विचार होता, असं सुभद्रा पुढे स्वतःला सांगत आली. नुसतं पोट. एक दिवस. तिच्या घरामागच्या कुंपणाला चंद्रजोतीची झाडं होती. कॉलनीतली बारकी पोरं खेळता खेळता त्यांच्या बिया खायची, संध्याकाळभर ओकायची, आईच्या हातचा मार खायची आणि सकाळी दप्तर घेऊन शाळेत जायची. त्यात कुणी मेलेलं सुभद्रानं पाहिलं नव्हतं. तिनं दोनच बिया घेतल्या. निदान त्या आठवड्यात तरी ती स्वतःशी दोनच म्हणत होती.

आता हे पद्मिनीच्या पोटात घालायचं कसं? त्याची सोय भुलाबाईनं केली होती. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत कॉलनीतल्या पोरी रोज संध्याकाळी ताराबाईंच्या ओसरीवर जमायच्या. ताराबाई म्हणजे पोस्टमास्तरांच्या विधवा, पोरंबाळं नाहीत, म्हणून सगळ्या गल्लीच्या पोरी त्यांच्याच. ज्वारीच्या धांड्यांचं मखर, आत मातीचे भुलोजी-भुलाबाई, समोर टिपऱ्या घेऊन गाणी. गाणी संपली की खिरापत. रोज एका घरची पाळी. खाऊ बंद डब्यात यायचा आणि डबा हलवून पोरींना विचारायचं, ओळखा आत काय आहे. गोड की तिखट, गोल की लांब, घरचं की दुकानचं. ओळखू आलं नाही तर पाळीवालीची मान ताठ. आणि ओळखलं, तर ताराबाईंच्या ओसरीचा नेम असा की ओळखणारीला डब्यातला सगळ्यात वरचा नग आधी मिळायचा, मग बाकीच्यांना.

त्या दिवशी पाळी भागीरथाच्या घरची होती. भागीरथा कॉलनीत नवी. तिचे वडील लक्ष्मणराव जंगल खात्यात, बरीच वर्षं रानातल्या बेज्जूरला काढून त्याच उन्हाळ्यात बदलून आले होते. आई नाही. पोरगी बेज्जूरच्या हिवतापातून उठलेली, हाडांचा सापळा, पण डोळे कायम हसरे, कुणी नाव घेऊन हाक मारली की उजळून जायची. सुभद्राला अशी माणसं आवडत नसत. फार लवकर खूश होणाऱ्यांची तिला चीड यायची.

आई नाही म्हटल्यावर खिरापत कोण करणार? ती मनकर्णानं केली. आणि हे कुणाला कळायचं नव्हतं, कारण मनकर्णा या खेळात असायलाच नको होती. मनकर्णा ही नागोराव गुरुजींची मुलगी. गुरुजी गुडीहत्नूरच्या शाळेत शिकवायला रोज बसनं जात-येत. शेतात राबणाऱ्या बापाचा पोरगा शिकून मास्तर झाला, आणि त्या बापानंच दीक्षा घेऊन घरातले देव उचलले, हे गुरुजी ताठ मानेनं सांगत, आणि ती ताठ मानेनं सांगण्यासारखीच गोष्ट होती. बौद्ध वस्तीत त्यांच्या शब्दावर माणसं चालत. आपल्या घरची पोर भुलाबाईच्या ओसरीवर दिसता कामा नये, असं त्यांनी सभेत सांगितलं होतं. आणि मनकर्णाला गाण्याचं वेड. ती भागीरथाकडे अभ्यासाला जाते म्हणून घरातून निघायची आणि ओसरीच्या पायरीवर बसून सगळ्यांच्या वर आवाज लावायची. ताराबाई तिला गाऊ देत. खाऊही देत, फक्त तिच्या ओंजळीत वरून टाकत. मनकर्णा ते पाहून न पाहिल्यासारखं करायची आणि घरी जाऊन बापाशी सरळ तोंडानं खोटं बोलायची. खोट्याची सवय एकट्या सुभद्रालाच नव्हती, सगळ्यांनाच होती.

तर मनकर्णानं भागीरथाच्या स्वयंपाकघरात दाणे भाजून, गूळ कुटून लाडू वळले. बापानं मना केलेल्या खेळात आपलीही एक पाळी झाली याचा तिला केवढा आनंद झाला होता. सुभद्रा दुपारी तिथे डोकावून आली. मग आपल्या घरी येऊन तिनं तसाच एक लाडू केला. बियांचा वास लपावा म्हणून त्यात वेलची घातली. संध्याकाळी डबा ताराबाईंकडे नेऊन द्यायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं आणि वाटेत आपला लाडू वर ठेवला.

ओळखणार पद्मिनीच, याचीही तजवीज झाली होती. दुपारी भागीरथाकडून परतताना पाण्याच्या टाकीपाशी सुभद्रानं पद्मिनीला आत काय आहे ते सांगून टाकलं होतं. पद्मिनीला जिंकायला आवडायचं, कसं का होईना.

आणि झालंही तसंच. डबा हलला, पद्मिनीनं उगाच थोडा विचार केल्याचं नाटक केलं, म्हणाली दाण्याचे लाडू. पोरी हिरमुसल्या, भागीरथा मात्र टाळ्या पिटत हसली. ताराबाईंनी वरचा लाडू पद्मिनीच्या हातावर ठेवला. एवढं सुभद्रानं डोळ्यांनी पाहिलं. मग गलका झाला, बाकीचे लाडू वाटले गेले, सुभद्रानंही एक खाल्ला, चांगला झाला होता. घरी येऊन ती लवकर झोपली आणि तिला झोपही लागली.

सकाळी मैदानावर पद्मिनी तिच्या आधी हजर होती. कडक इस्त्री, बूट चकचकीत, गालांवर लाली. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, काल लाडू कसा होता गं? पद्मिनी म्हणाली, छान होता, एकटीनंच खाल्ला. ती खोटं बोलतेय हे अख्ख्या जगात एकट्या सुभद्राला ठाऊक होतं, आणि नेमकं तिलाच ते म्हणता येत नव्हतं. तिचं लक्ष उडालं, दोनदा पाऊल चुकलं, आणि साहेबांनी पद्मिनीचं नाव घेतलं. सुभद्रानं टाळ्या वाजवल्या.

घरी आली तर आई म्हणाली, लक्ष्मणरावांची पोरगी सरकारी दवाखान्यात आहे, पहाटेपासून उलट्या-जुलाब थांबत नाहीत.

म्हणजे लाडू भागीरथाच्या पोटात गेला. तो पद्मिनीच्या हातातून तिच्या हातात कसा गेला? ज्यानं कुणी तो दिला, त्याला काही कळलं होतं का? कळलं असेल तर सुभद्राचं सगळं संपलं. दुपारी ती दवाखान्यात गेली ती या भीतीपोटी. भागीरथाची काळजी म्हणून गेली असं तिनं आईला सांगितलं आणि रिक्षात बसेपर्यंत तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला.

वॉर्डात भागीरथा डोळे मिटून पडली होती. ओठ सुकून पांढरे झालेले. पायाशी मनकर्णा बसली होती, सकाळपासून तिथेच. डॉक्टर तेलुगू, पण हिंदीत विचारत होते, काल हिनं काय काय खाल्लं, कुणाला माहीत आहे का, नेमकं कळलं तर उपाय करता येईल. लक्ष्मणराव म्हणाले, घरची भाकर, वरण आणि त्या लाडवांतला एखादा, पण ते लाडू तर सगळ्या पोरींनी खाल्ले, कुणाला काही झालं नाही. डॉक्टरांनी सुभद्राकडे पाहिलं, तू मैत्रीण ना, तुला काही ठाऊक आहे?

इथे सुभद्राला सांगता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. तिच्या जिभेवर तो शब्द आला होता, हे मी तिच्या बाजूनं सांगतो, कारण तिच्या बाजूनं सांगण्यासारखं दुसरं काही नाही. ती म्हणाली, कॉलेजबाहेरच्या गाडीवर हिनं भजी खाल्ली होती. डॉक्टरांनी मान हलवली आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. परत येताना सुभद्राला वाटलं की आपण तसं फार मोठं काही बोललो नाही, गाडीवरची भजी खरंच वाईट असतात.

भागीरथा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. हिवतापानं पोखरलेल्या अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं.

कॉलनीत भुलाबाईची गाणी बंद पडली. ताराबाईंनी मखरावर पदर टाकावा तसं फडकं टाकलं. सुभद्रा दोन दिवस घराबाहेर पडली नाही. जेवण तोंडात फिरत राहायचं, गिळलं जायचं नाही. आई म्हणाली, मैत्रिणीचं दुःख लावून घेतलंय पोरीनं. सुभद्रा रडायचीही. पण ती कुणासाठी रडत होती ते विचारलं असतं तर तिला खरं उत्तर देता आलं नसतं. बिया दोन होत्या का? चार असतील. कदाचित मूठभर असतील, तिनं मोजल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी मनकर्णा आली. ती कधी सुभद्राच्या घरात आली नव्हती, मागच्या अंगणात कुंपणापाशी उभी राहिली. सुभद्रानं आधीच सुरू केलं, की किती वाईट झालं, आपल्याला काय माहीत. मनकर्णानं तिला बोलू दिलं आणि मग हळू आवाजात म्हणाली, "तिनं मले सांगतलं जाताना. पद्मिनीनं तिले लाडू देल्ला. म्हने, तुमच्या घरचा हाय, तूच खाय, मले दान्यानं पित्त होते. हे येडी खूश झाली. पद्मिनी तिच्याशी पयल्यांदा बोलली होती ना."

सुभद्रा अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढायला लागली.

"आनखी एक सांगतलं. लाडवाले विलायचीचा वास होता. माया लाडवात विलायची नव्हती, सुभद्रा. आमी लाडवात विलायची घालत नाई. डबा तू नेला होता."

मनकर्णानं कुंपणाच्या चंद्रजोतीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती इथं कशाला आली होती, ते सुभद्राला तेव्हा कळलं. न्याय मागायला ती आली नव्हती. तिचा चेहरा भीतीनं काळवंडला होता आणि ती भीती बापाची होती. ताराबाईंच्या ओसरीसाठी गुरुजींच्या पोरीनं खिरापत रांधली, आणि ती खाऊन पोरगी मेली, हे वस्तीत कळलं तर गुरुजींना तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. ती म्हणाली, "तू मायं नाव घेऊ नको, मी तुयं घेत नाई." सुभद्रानं मान डोलावली. दोघींचा सौदा झाला आणि त्या दोघींपैकी एकीनंही भागीरथाचं नाव पुन्हा घेतलं नाही. मनकर्णा चांगली होती, असं मी म्हणणार नाही. ती फक्त सुभद्राइतकी वाईट नव्हती.

आता राहिली पद्मिनी. तिनं लाडू का दिला? तिला वास आला होता का? संशय आला होता का? सुभद्रा संध्याकाळी तिच्याकडे गेली. पद्मिनी गच्चीवर कापडानं बूट पुसत होती. सुभद्रानं गच्चीचं दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं.

पद्मिनीला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "मी कशी खाणार? तूच तर म्हणालीस, मनकर्णा करतेय, मी डोळ्यांनी पाहून आले. टाकीपाशी. मी विचारलं, तुला कसं माहीत दाण्याचे लाडू म्हणून, तर म्हणालीस." आणि मग, "मी तिच्या हातचं खात नाही. सगळ्यांसमोर टाकून कशी देणार? भागीरथाला चालायचं."

गेल्याच महिन्यात पद्मिनीनं कॉलेजात समतेवर भाषण करून पहिलं बक्षीस मिळवलं होतं. पाठ करायला सुभद्रानंच तिला मदत केली होती. पण आत्ता सुभद्राच्या डोक्यात ते आलंही नाही. तिच्या डोक्यात फक्त टाकीपाशचं ते वाक्य घुमत होतं. सहज बोलून गेलेलं, आपल्याला आतली बातमी असते हे दाखवायला. पद्मिनी कोण आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं, कारण तीही तीच होती. तिनं स्वतःसुद्धा मनकर्णाचा लाडू खाताना मनातल्या मनात एकदा नाक मुरडलं होतं. आणि तरी तिला हे सुचलं नाही.

पद्मिनी बूट पुसायची थांबली. "तुला काय एवढं पडलंय, मी खाल्ला की नाही?" मग तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. निवडीचा आदला दिवस, टाकीपाशी आपणहून दिलेली बातमी, वरचा लाडू. पद्मिनी काही मूर्ख नव्हती. "तो मला होता," ती म्हणाली.

सुभद्रानं नाही म्हटलं, आणि नाही म्हणतानाच तिला कळलं की हे नाही कुणाच्या उपयोगाचं नाही.

पद्मिनी किंचाळेल, खाली जाऊन बापाला सांगेल, असं सुभद्राला वाटलं. पण पद्मिनी पुन्हा बूट पुसायला लागली. पोलीस आले तर तिलाही विचारणार, तू लाडू का नाही खाल्लास, का दिलास. चौकशीत नाव आलेल्या पोरीला कोण दिल्लीला नेणार? ती म्हणाली, मला यात पडायचं नाही. कुणी विचारलं तर एवढंच म्हणेन की लाडू मनकर्णानं केले होते. ते खोटं तर नाही.

आणि ती नुसती म्हणून थांबली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं ताराबाईंच्या कानात ते घातलं. ताराबाईंनी आपल्या ओसरीवरचा डाग झटकायला ते गल्लीभर केलं. संध्याकाळच्या आत लोकांचं ठरून गेलं की शिवाशिवीचं भान सोडलं की असंच होतं. ज्यांना डॉक्टर काय म्हणाले ते ठाऊक नव्हतं, त्यांना मनकर्णाच्या हातात काय होतं ते मात्र नक्की ठाऊक होतं. नागोराव गुरुजींच्या दारावर कुणीतरी दगड मारला.

लक्ष्मणरावांनीच मग सगळ्यांना बोलावलं. त्यांना ठाण्यात जायचं होतं, पण जाण्याआधी एकदा पोरींच्या तोंडून ऐकायचं होतं. भर दुपारी ताराबाईंच्या ओसरीवर माणसं बसली. ताराबाई दाराआड. शरदचंद्र स्वच्छ शर्टात, घड्याळ बघत. अनंतराव सुभद्राच्या शेजारी. नागोराव गुरुजी पायरीवर बसले नाहीत, आत येऊन सगळ्यांच्या बरोबरीनं सतरंजीवर बसले, मनकर्णाला शेजारी घेऊन. लक्ष्मणराव दाढी वाढलेले, आवाज अगदी शांत. हा माणूस जंगलात वाढलेला, त्याला घाई नव्हती.

गुरुजी आधी बोलले. ते म्हणाले, माझ्या मुलीवर हा आळ का आला ते मला समजतं, आपल्या सगळ्यांनाच समजतं. माझी मुलगी या ओसरीवर कधी येत नाही. दाराआड ताराबाईंना खरं ठाऊक होतं, पण आपण तिला इथे गाऊ देत होतो हे त्यांनाही उघडं करायचं नव्हतं. लक्ष्मणरावांनी मनकर्णाला विचारलं तर ती खाली बघून म्हणाली की मी घरी होते. मग पद्मिनीला विचारलं. पण शरदचंद्रांनी घरी तिला बजावून ठेवलं होतं. बँकेच्या मॅनेजरची पोर अमक्याच्या हातचं खात नाही, हे चारचौघांत निघालं तर कायदा आहे, नोकरी आहे. पद्मिनी म्हणाली, लाडू कुणी केले मला नक्की माहीत नाही, मी नुसतं ऐकलं होतं. सुभद्राचं भागीरथाकडे जाणंयेणं होतं, तिला विचारा.

सगळे सुभद्राकडे वळले. मनकर्णानंही वर पाहिलं. त्या डोळ्यांत सौदा स्पष्ट होता, नाव घेतलंस तर मीही घेईन.

सुभद्रानं उत्तर तयार ठेवलं होतं. दोन दिवस ती त्यावरच विचार करत होती आणि तिला ते फार छान जमलंय असं वाटत होतं. त्यात मनकर्णा सुटत होती, पद्मिनी सुटत होती, ती स्वतः सुटत होती, आणि अडकणार होती ती आता काही बोलू शकणार नव्हती. ती म्हणाली, "मनकर्णा नव्हती. भागीरथानं एकटीनंच केले लाडू. दाणे निवडताना चुकून चंद्रजोतीच्या बिया आल्या असतील एखाददुसऱ्या लाडवात. तिला ओळखू आल्या नसतील."

अनंतरावांनी सुटकेचा श्वास टाकला. लक्ष्मणराव मात्र हलले नाहीत.

"चंद्रजोत," ते म्हणाले. "माया पोरीले चंद्रजोत ओळखू नाई आली? बेज्जूरच्या रानात ते चार वर्षांची असताना मले झाडाईचे नाव सांगे." मग, "आन तुले कोनं सांगतलं चंद्रजोत होती म्हून? डॉक्टरनं शेवटच्या दिवशी मले एकट्याले बाजूले नेऊन सांगतलं. मी कोनाले बोललो नाई. सारी गल्ली नुसतं खराब खाऊ, खराब खाऊ करून राह्यली. चंद्रजोत कोनं सांगतली तुले?"

सुभद्रानं बापाकडे पाहिलं. ओसरीवर इतकी माणसं होती आणि प्रत्येकानं ऐकलं होतं. ताराबाईंच्या बांगड्या दाराआड एकदा वाजल्या. शरदचंद्रांनी पद्मिनीकडे पाहिलं, पद्मिनीनं जमिनीकडे. अनंतराव म्हणाले, पोरी आहेत, कुठंतरी कानावर आलं असेल, कुंपणाला झाडं आहेतच ना सगळ्यांच्या. त्यांचा आवाज त्यांचाच वाटत नव्हता.

लक्ष्मणराव गुरुजींकडे वळले. त्या ओसरीवर त्यांना एकच माणूस विचारण्यासारखा वाटला असावा.

"गुरुजी, तुमी खोटं बोलत नाई, हे बेज्जूरपर्यंत लोकाईले माईत हाय. मायी पोरगी एकली लाडू करू शकत नव्हती, तिच्या हातात जोर नव्हता. कोनीतरी संगं होतं. तुमच्या पोरीले काई होनार नाई, मी शब्द देतो. फक्त ते माया घरी आली होती एवढं म्हना. बाकीचं ते सांगन. तो एक लाडू कोनाचा होता ते तिले माईत हाय, मले तिच्या तोंडावर दिसून राह्यलं."

गुरुजींनी मनकर्णाकडे पाहिलं. त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती आणि ते घरी आले तेव्हा पोरगी घरात नव्हती. ती आली तेव्हा तिच्या हातांना गुळाचा वास होता. त्यांनी तेव्हा विचारलं नव्हतं. आत्ता त्यांच्या मनात काय चाललं होतं ते सुभद्रानं त्यांच्या चेहऱ्यावर अक्षर अक्षर वाचलं, कारण त्यावरच तिचा जीव टांगलेला होता. एक हो, आणि वस्तीतल्या सभेत बोललेलं सगळं मातीत. एक हो, आणि उद्यापासून गल्ली म्हणणार, पाहा, हिच्याच हातचं. दगड काल एक आला होता.

मनकर्णा रडायला लागली होती, आवाज न करता. गुरुजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग ते शाळेत बोलत तसं, स्वच्छ मराठीत म्हणाले, "माझी मुलगी त्या दिवशी घरीच होती."

लक्ष्मणराव उठले. मग म्हणाले, "मंग मायी पोरगीच चुकली." त्यांनी चपला घातल्या आणि ते गेले. ठाण्यात त्यांनी काही सांगितलं की नाही कुणाला कळलं नाही, पोलीस काही कॉलनीत आले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी बदली मागून घेतली.

ओसरीवरून लोक उठले. सुभद्राच्या अंगावरून जाताना कुणी तिला हाक मारली नाही की काही विचारलं नाही. ताराबाईंनी दारातूनच मान फिरवली. मनकर्णा जाताना एकदा मागे वळली, पण तिनं सुभद्राकडे पाहिलं नाही.

सुभद्रा घरी आली. ती सुटली होती. अंग हलकं झालं होतं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली. तिनं आईनं झाकून ठेवलेली पिठलं-भाकर काढून घेतली आणि पोटभर खाल्लं. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिनं आणखी वाढू का म्हणून विचारलं नाही.

थोड्या वेळानं अनंतराव मागून आले. वाटेत त्यांनी बराच वेळ काढला असावा. ते खुर्चीत बसले, टोपी काढली, घाम पुसला. सुभद्रानं नेहमीप्रमाणे माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि त्यांच्यापुढे धरलं. अनंतरावांनी पेल्याकडे पाहिलं. ठेव तिथं, म्हणाले. तिनं पेला खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवला आणि ती उभी राहिली.

ते उठले, स्वयंपाकघरात गेले, दुसरा पेला काढून त्यांनी तो दोनदा विसळला, आणि स्वतःच्या हातानं माठातलं पाणी घेऊन प्यायले.